एलिफंट हाइड: घड्यांच्या नक्षीसाठी भक्कम कागद

ओरिगामी टेसलेशन, म्हणजे एकाच कागदात घड्यांची पुन्हापुन्हा येणारी नक्षी, करणाऱ्यांनी एलिफंट हाइड हा ११० जीएसएमचा (दर चौरस मीटरला ११० ग्रॅम) मूळ जर्मन कागद वापरून पाहाच. मी षटकोन कापून ३२ भागांची त्रिकोणी जाळी पाडते, प्रत्येक रेघ दोन्हीकडे मोडते, तरी तो फाटत नाही. आखणीत मध्यभागी षटकोनी पीळ (भोवतीच्या चुण्या दुमडताना मधला षटकोन फिरून सपाट बसतो ती रचना) ठेवला की साठ-साठ अंशांची सममिती पुढचं ठरवते: त्याच्या सहा चुण्या पोचतात तिथे उलट दिशेने फिरणारे त्रिकोणी पीळ, त्यांच्यापुढे पुन्हा षटकोन. साठ अंशांची एकच पाचर नीट सोडवायची, बाकीच्या तशाच! फक्त घड्यांच्या रेघा मिळतात त्या प्रत्येक बिंदूभोवती एकाआड एक कोनांची बेरीज १८० अंश हवी, नाहीतर घडी सपाट बसत नाही. उजेडासमोर लावायची नक्षी असेल तर मात्र ट्रेसिंग पेपर घ्या. एलिफंट हाइडमध्ये थर तितके उठून दिसत नाहीत.