कॉर्कचा फ्लोट काढून प्लॅस्टिकचा बसवला: सात महिन्यांनंतर

माझं आऊटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन, जुनं आहे. दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक, प्रत्येक सिलिंडरला वेगळा कार्बोरेटर. प्रायमर बल्ब (पेट्रोल पुढे ढकलायचा रबरी फुगा) कितीही दाबला तरी घट्ट होत नव्हता आणि खालच्या कार्बोरेटरच्या तोंडातून पेट्रोल ठिबकायचं. हळू चालवताना धूर आणि स्पार्क प्लग काळाकुट्ट, ओला. कार्बोरेटरची पेट्रोलची वाटी खोलली तर कॉर्कच्या फ्लोटवरचा (पेट्रोलवर तरंगणाऱ्या तुकड्यावरचा) लेप पापुद्र्यासारखा सुटलेला. जुन्या कॉर्कवर शेलॅक (लाखेचं रोगण) असतं, इथेनॉलमिश्रित पेट्रोलात ते विरघळतं. मग कॉर्क पेट्रोल पिऊन जड होतो, तरंगत नाही आणि पेट्रोल अडवणारी नीडल बंदच होत नाही.

म्हणून दोन्हीकडे प्लॅस्टिकचे फ्लोट आणि नव्या नीडल-सीट (नीडल आणि ती जिथे टेकते ती बैठक) बसवल्या. वस्तू चांगली आहे, पण खरं काम सेटिंगचं आहे.

माझ्या मॅन्युअलप्रमाणे गॅस्केट काढून कार्बोरेटर उलटा धरायचा. फ्लोट स्वतःच्या वजनाने नीडलवर टेकला की त्याची कड बॉडीच्या काठाशी समांतर दिसली पाहिजे. काही इंजिनांना हेच माप मिलिमीटरमध्ये दिलेलं असतं, त्यामुळे आपल्या मॉडेलचं मॅन्युअल बघूनच हात घाला. कार्बोरेटर सरळ केल्यावर फ्लोट किती खाली लोंबतो तेही तपासा.

पहिल्यांदा मी फ्लोट जागेवर ठेवूनच अंगठ्याने दाबला आणि नीडलवर टेकणारी त्याची पट्टी वाकवली. महिनाभरात पुन्हा ठिबकायला लागलं. नीडल काढून भिंगाखाली पाहिली, तर रबरी टोकाभोवती नखाने ओरखडल्यासारखी बारीक गोल खाच पडली होती. सीटवर दाबल्यानेच झालं ते. नवी नीडल घेतली. दुसऱ्या वेळी पिन काढून फ्लोट बाहेर घेतला, नोज प्लायरने पट्टी केसभर वाकवायची, परत बसवून पाहायचं. एका फ्लोटला आठ-दहा खेपा लागल्या.

वरच्या कार्बोरेटरच्या वाटीतली पेट्रोलची पातळी मात्र कमी राहिली, आणि हे जास्त धोक्याचं निघालं. फुल थ्रॉटलला काही वेळाने इंजिन दबायचं, चोक जरा ओढला की उचलायचं. प्लग पांढरा पडला होता. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलबरोबरच येतं, म्हणजे मिश्रण लीन झालं (पेट्रोल कमी, हवा जास्त) की पिस्टनला वंगणही कमी आणि वर उष्णता जास्त. ठिबकणारा कार्बोरेटर निदान दिसतो तरी. पांढऱ्या प्लगकडे दुर्लक्ष करू नका.

आता गार इंजिनही दुसऱ्या ओढीला सुरू होतं, आयडलिंग स्थिर आहे, दोन्ही प्लग बदामी. पाचव्या महिन्यात मुद्दाम खोलून पाहिलं, दोन्ही फ्लोट होते तिथेच होते.

तक्रारी दोन. किटमधलं वाटीचं गॅस्केट पातळ होतं, वाटी पाझरायची, ते वेगळं आणून बदललं. दुसरी, एका फ्लोटची भोकं पिनवर जरा सैल. फ्लोट बाजूला सरकून वाटीला घासत होता. वाटीच्या आतल्या भिंतीवर चकचकीत रेघ उमटली होती, त्यावरून कळलं. तो फ्लोट परत करून दुसरा घेतला. बसवण्याआधी पिनवर हलवून बघायला दोन मिनिटंही लागत नाहीत.

आता इंजिन बरेच दिवस वापरायचं नसेल तर स्क्रू काढून दोन्ही वाट्यांतलं पेट्रोल निथळून घेते.