सकाळी जड स्टार्ट होणारी गाडी आणि डीलरचं सर्विस सेंटर: ५ पैकी २

उत्तर गोव्यात हमरस्त्याला लागून असलेल्या एका अधिकृत सर्विस सेंटरचा हा रिव्ह्यू आहे. गाडी चार वर्षांची पेट्रोल हॅचबॅक, मॅन्युअल गिअर, बॅटरी कंपनीतून आलेली ३५ एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीत मावणाऱ्या विजेचं माप). तक्रार एकच: सकाळचा पहिला स्टार्ट जड. गाडी दोनदा आत गेली आणि दोन्ही वेळा 'ओके, टेस्टेड' असा शिक्का घेऊन बाहेर आली. दुखणं तसंच.

जॉब कार्डवर ॲडव्हायझरने लिहिलं, 'स्टार्टिंग प्रॉब्लेम, चेक.' घोळ तिथेच झाला, कारण या दोन शब्दांत दोन वेगळे आजार मावतात. सेल्फ मारल्यावर इंजीनच जड फिरतं, घर्र... घर्र... करत, डॅशबोर्डचे दिवे मंद होतात, तो आजार विजेचा: बॅटरी, टर्मिनल, अर्थिंग, सेल्फ मोटर. सेल्फ झपाझप फिरतोय पण इंजीन पेटायला चार-पाच सेकंद घेतंय, तर दोष इंधनाचा, ठिणगीचा किंवा सेन्सरचा. या दोन्हींची तपासणी वेगळी, पार्ट वेगळे, माणूससुद्धा वेगळा लागतो. कार्ड लिहिताना 'फिरतो जड, की पेटतो उशिरा?' एवढं विचारलं असतं तर अर्धं निदान काउंटरवरच झालं असतं. या गाडीचा आजार पहिला होता. बिलात लागलं काय? थ्रॉटल बॉडी क्लीनिंग आणि इंजेक्टर क्लीनरची बाटली. सर्दीवर पायाला बाम.

दुसरी चूक वेळेची. गाडी बारा-पंधरा किलोमीटर चालवत आणलेली, म्हणजे इंजीन गरम, बॅटरी नुकतीच चार्ज झालेली. दुपारी तीन वाजता शेडमध्ये टेक्निशियनने चावी फिरवली, गाडी लगेच स्टार्ट. होणारच. सकाळचं दुखणं दुपारी कुठून दिसणार? ही तक्रार असेल तर गाडी रात्रभर तिथे ठेवावी लागते आणि सकाळी पहिली चावी ग्राहकासमोर फिरवावी लागते. तसं स्पष्ट मागितल्यावर 'ओव्हरनाइट ठेवायला जागा नाही' हे उत्तर मिळालं.

गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावला, 'एकही कोड नाही, गाडी नॉर्मल.' हे तर हमखास ऐकायला मिळतं. स्कॅनर सेन्सरच्या चुका पकडतो. टर्मिनल सैल आहे, अर्थिंगची पट्टी गंजली आहे किंवा सेल्फचे कार्बन झिजलेत, याचा कोड बहुतेक गाड्यांत येतच नाही. कोड नाही म्हणून बिघाड नाही असं होत नसतं. थंडीचा बहाणाही इकडे चालत नाही. पणजीला जानेवारीच्या पहाटेसुद्धा पारा विशीच्या आसपास असतो. आणि पेट्रोलात २० टक्के इथेनॉल आहे म्हणून, म्हणाल तर त्याने इंजीन पेटायला उशीर होऊ शकतो, सेल्फ जड फिरत नाही.

जे काम त्यांनी करायला हवं होतं ते साध्या मल्टिमीटरने दहा मिनिटांत होतं. मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. बॉनेट रात्रीच उघडं करून ठेवा, कारण सकाळी दरवाजा उघडला की गाडीतले मॉड्यूल, म्हणजे छोटे संगणक, जागे होतात आणि आकडा खाली येतो. निदान सहा तास गाडी बंद हवी. साध्या लेड-ॲसिड बॅटरीवर १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२.० म्हणजे उतरलीच. इंजीन चालू केल्यावर १३.८ ते १४.५ दिसलं की बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर ठीक. काही नव्या गाड्यांत चार्जिंग संगणक ठरवतो, त्यात आकडा याच्या थोडा खालीवर गेला तर लगेच घाबरू नका.

खरी गंमत सेल्फ फिरत असतानाच्या आकड्यात आहे. एकाने चावी फिरवायची, दुसऱ्याने मीटर बघायचा. आकडा ९.६ च्या खाली कोसळला तर बॅटरी दमली आहे, किंवा सेल्फ जाम होऊन जास्त करंट ओढतो आहे. पण सेल्फ जड फिरतोय आणि बॅटरीवर मात्र ११ च्या वर व्होल्ट टिकून आहेत, तर बॅटरीला हात लावू नका. वीज बॅटरीत आहे, ती सेल्फपर्यंत पोचत नाही किंवा सेल्फ ती घेत नाही. अशा वेळी नवी बॅटरी बसवली तर चार दिवस बरं वाटतं आणि पुन्हा तेच. मग मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर, दुसरी इंजीन ब्लॉकच्या उघड्या धातूवर धरून सेल्फ मारा. ०.३ व्होल्टपेक्षा जास्त आले तर अर्थिंग खराब. पॉझिटिव्ह खुंटी ते सेल्फचा मोठा बोल्ट असं मोजल्यावर ०.५ च्या आत हवं. पिन खुंटीवरच टेकवायची, तिला धरणाऱ्या वायरच्या क्लॅम्पवर नाही. खुंटी आणि क्लॅम्प यांच्यामध्येच कितीतरी व्होल्ट गडप होतात आणि नेमके तेच मोजायचे राहून जातात.

या गाडीत तेच होतं. पॉझिटिव्ह क्लॅम्पवरचं लाल टोपण उचललं की खाली हिरवट-पांढरी पूड, बोटाने खरवडली तर मिठासारखी सुटणारी. क्लॅम्प हाताने गोल फिरत होता. १० एमएमचा पाना अर्धा आटाही खाली गेला नाही तोच घट्ट बसला. टोपण दोनपैकी एकाही खेपेला उचललं गेलं नव्हतं, पुडीवरची धूळ शाबूत होती. किनाऱ्यापासून चार-पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांनी, म्हणजे कळंगुट, मोरजी, बाणावलीकडच्यांनी, हे टोपण पावसाळ्याआधी आणि चवथीनंतर असं वर्षातून दोनदा उचलावं. मगभर गरम पाण्यात एक मोठा चमचा खाण्याचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने घासायचं, साध्या पाण्याने धुऊन कोरडं करायचं, क्लॅम्प आवळायचा आणि वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ हात. काढताना आधी निगेटिव्ह, लावताना आधी पॉझिटिव्ह. बॅटरी काढल्यावर काही गाड्यांत काचांचं ऑटो फंक्शन पुन्हा सेट करावं लागतं आणि आयडलिंग थोडा वेळ वरखाली होतं, ते आपोआप बसतं.

सेल्फच दोषी निघाला तर डीलरकडे एकच उपाय: अख्खी असेंब्ली बदला. कंपनीच्या पद्धतीत मोटर उघडून बसण्याला जागा नाही, त्यामुळे त्यात ॲडव्हायझरचा दोष नाही. पण म्हापसा, फोंडा, मडगाव इथे सेल्फ-अल्टरनेटरचंच काम करणारे मेस्त्री आहेत. ते कार्बन, बुश आणि बेंडिक्स (इंजीनला फिरवणारा सेल्फचा दातेरी भाग) बदलून तीच मोटर नव्या असेंब्लीच्या किमतीच्या काही अंशात उभी करून देतात. वॉरंटी संपलेल्या गाडीला हाच मार्ग शहाणपणाचा. वॉरंटीत असेल तर मात्र मेस्त्रीकडे मोटर उघडू नका, पुढचा क्लेम अडतो.

बॅटरी न वापरता उतरते, त्याचा हिशोबही सेंटरला सांगता आला नाही. गाडी बंद असताना ५० मिलिॲम्पपर्यंतचा ओघ साधारण चालतो. म्हणजे दिवसाला १.२ एएच. पार्किंग मोडवरचा डॅशकॅम ३०० मिलिॲम्प ओढत असेल तर दिवसाला ७.२, पाच दिवसांत ३५ एएचची बॅटरी रिकामी. बोटीवर जाणाऱ्या तारवटींच्या गाड्या महिनोन्महिने अंगणात उभ्या असतात. त्यांनी निगेटिव्ह काढून ठेवणं, हाच स्वस्त इलाज. हा ओघ मोजताना गाडी लॉक करून अर्धा तास थांबायचं, मॉड्यूल झोपल्याशिवाय आकडा खरा येत नाही.

दुसऱ्या आजाराबद्दल, म्हणजे सेल्फ झपाझप पण इंजीन उशिरा, थोडक्यात. पेट्रोल गाडीत चावी 'ऑन'वर आणून दोन-तीन सेकंद थांबा, मागच्या सीटखालून पंपाचा बारीक घूं ऐकू येईल. बंद करा, पुन्हा ऑन करा, असं दोन-तीनदा करून मग सेल्फ मारा. गाडी पटकन पेटली तर रात्रभरात लाइनमधलं प्रेशर उतरतं आहे: पंपातला चेक व्हॉल्व्ह किंवा इंजेक्टर गळतोय. सेंटरकडे फ्युएल प्रेशर गेज असतो, लीक-डाऊन टेस्ट नाव घेऊन मागा. तरीही फरक नसेल तर सकाळी गार इंजीनवर स्कॅनरमध्ये कूलंटचं (इंजीन गार ठेवणाऱ्या पाण्याचं) आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान बघायला सांगा. दोन्ही जवळपास सारखी हवीत. मोठी तफावत असेल तर सेन्सर खोटं बोलतोय. डिझेलमध्ये इकडच्या हवेत ग्लो प्लगपेक्षा (गार इंजीन तापवणाऱ्या प्लगपेक्षा) फिल्टरमधलं पाणी आणि लाइनमध्ये शिरलेली हवा हे जास्त सतावतात.

आता सेंटरशी वागायचं कसं. जॉब कार्डवर तक्रार आपल्या शब्दांत लिहून घ्या: 'रात्रभर उभी राहिल्यावर पहिल्या स्टार्टला सेल्फ जड फिरतो, गरम असताना ठीक.' खाली तीन आकडे मागा: बंद असतानाचे व्होल्ट, सेल्फ मारतानाचे, चालू असतानाचे. बॅटरी टेस्टरची छापील पट्टी मागा. तिच्यावर मोजलेला सीसीए (थंडीत स्टार्टच्या वेळी बॅटरी किती करंट देऊ शकते तो आकडा) आणि बॅटरीवर छापलेला सीसीए शेजारी ठेवून बघता येतो. घरी सकाळच्या स्टार्टचा व्हिडिओ काढा, फोन डॅशबोर्डसमोर धरून, आवाजासकट. मंजुरीशिवाय कुठलंही क्लीनिंग करू नये, असं इस्टिमेटवरच लिहा. वॉरंटी संपत आली असेल तर संपण्याआधी तक्रार कार्डवर नोंदलेली असणं महत्त्वाचं. कंपनीची बॅटरी बऱ्याचदा बॅटरी बनवणाऱ्याच्या वेगळ्या वॉरंटीत येते, तेव्हा तिचं कार्ड गाडीच्या कागदांत आहे का ते बघा.

दोन खेपांनंतरही काम झालं नाही तर कंपनीच्या कस्टमर केअरला दोन्ही जॉब कार्ड नंबर घालून मेल करा, एरिया सर्विस मॅनेजरला दाखवायची मागणी करा. तिथेही टोलवाटोलवी झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. उत्तर आणि दक्षिण गोव्याला वेगळे आहेत. वस्तू किंवा सेवेसाठी आपण मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, आणि तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते.

दोन स्टार कशाचे? ठरलेल्या सर्विसचं काम नीट होतं, ऑइल योग्य ग्रेडचं टाकतात, धुतलेली गाडी वेळेवर मिळते आणि काउंटरवर कुणी उद्धट बोलत नाही. निदानाला शून्य. आणि जाता जाता, तिथे बॅटरी बदलायची वेळ आलीच तर जुन्या बॅटरीची किंमत बिलातून वजा झाली आहे का ते बघा. आतल्या शिशाला भाव असतो. बाजारातला बॅटरीवाला तो न मागता वजा करतो. इथल्या कोटेशनमध्ये ती ओळच नव्हती.