खासगी शाळेतून महापालिकेच्या शाळेत: जून ते फेब्रुवारीचा अनुभव

आम्ही ठाणे-बेलापूर पट्ट्यात राहतो. मुलगी दुसरीपर्यंत खासगी इंग्रजी माध्यमाच्या शाळेत होती. गेल्या जूनमध्ये तिला महापालिकेच्या मराठी शाळेत तिसरीत घातले. फी हे कारण होतेच, परंतु वर्गात नेमके काय चालते याचा थांगपत्ता लागत नसे, हे अधिक खुपत होते.

शिक्षणहक्क कायदा २००९ नुसार सरकारी आणि अनुदानित शाळांमध्ये शाळा व्यवस्थापन समिती असते आणि तिचे किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात. विनाअनुदानित खासगी शाळांना ही तरतूद लागू नाही. तिथे फीच्या प्रश्नावर पालकांचे म्हणणे राज्याच्या २०११ च्या शुल्क कायद्यानुसार पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीमार्फत मांडले जाते. आधीच्या शाळेत आमच्यापर्यंत पोहोचायचे ते फक्त अ‍ॅपवरचे परिपत्रक. इथे पहिल्याच सभेत एका आईने खिचडीची तक्रार केली, तेव्हा मुख्याध्यापिकांनी चव नोंदवही समोर ठेवली आणि यापुढे जेवण वाढण्यापूर्वी पालकांपैकी कोणीतरी चव पाहावी, असे तिथल्या तिथे ठरले. खिचडी फार सुधारली असे नाही. विचारण्याची सोय मात्र झाली.

शिकवण्याबाबत मी साशंक होतो. बाईंनी आइस्क्रीमच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे करून हातच्याची वजाबाकी शिकवली. आता ५२ मधून २७ वजा करताना मुलगी एक गठ्ठा सोडून दाखवते आणि कारणही सांगते. पूर्वी हेच गणित ती रीत पाठ करून सोडवत असे, संख्या उलटसुलट दिल्या की अडत असे.

उणिवा आहेत आणि त्या किरकोळ नाहीत. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक या कामांसाठी शिक्षकांना नेमण्याची मुभा शिक्षणहक्क कायद्यातच आहे, त्यामुळे बाई निवडणुकीच्या कामावर गेल्या की दोन तुकड्या एकत्र बसतात. प्राथमिक वर्गात तीस मुलांमागे एक शिक्षक, हे कायद्यातले प्रमाण अशा दिवशी कागदावरच राहते. पुस्तके वेळेवर मिळाली, गणवेश उशिरा. राज्यात मराठी शाळांतही २००० पासून पहिलीपासून इंग्रजी आहे, तरी बोलण्याचा सराव जवळजवळ होत नाही. शुद्धलेखन बरे, संभाषण लंगडे.

ज्या घरात दोघांनाही सभेला जायला सवड नाही आणि इंग्रजी घेणारे कोणी नाही, त्यांना मी हा बदल सुचवणार नाही. इतरांनी प्रवेशापूर्वी मंजूर पदांपैकी किती भरलेली आहेत आणि शिक्षक बाहेर असताना वर्ग कोण घेते, एवढे मुख्याध्यापकांना जरूर विचारावे. आमचा धाकटा येत्या जूनमध्ये याच शाळेत पहिलीत जाईल. इंग्रजी दोघांचेही घरीच घ्यायचे, असे ठरवले आहे.