कंडेन्सरच्या पोटात कंडेन्सर

मिडियम वेव्हचा सुपरहेट रेडिओ घरीच बांधायचा म्हणून तीन महिन्यांचे रविवार घातले. डॉट बोर्ड, शेवटी स्पीकर वाजवणारी टीडीए २००३ ही आयसी. आवाज कमी ठेवला की आकाशवाणी पुणे, ७९२ किलोहर्ट्झ, झकास. बटण अर्ध्यापुढे गेलं की निवेदकाच्या आवाजाखालून ‘घुंऽऽ’ सुरू. आपली मेन्स ५० हर्ट्झची, एसीचं डीसी करणाऱ्या चार डायोडच्या ब्रिजमधून बाहेर पडताना तिचे १०० होतात, आणि ही घुरघुर त्याच सुरातली. म्हणजे दुखणं पॉवर सप्लायचं, एवढं पहिल्याच संध्याकाळी कळलं. तरी पुढचे पंधरा दिवस मी भलतीकडेच सोल्डर लावत बसलो.

७८१२, म्हणजे १२ व्होल्टचा रेग्युलेटर, दोनदा बदलला. ब्रिजचे १एन४००७ डायोड चारही नवे घातले. ग्राउंडच्या वायरी उपटून परत जोडल्या. ब्रिजनंतरचे चढउतार सपाट करणाऱ्या फिल्टर कंडेन्सरकडे मात्र ढुंकून पाहिलं नाही, कारण तो कोरा करकरीत होता आणि अंगावर लिहिलं होतं २२०० मायक्रोफॅरड, ३५ व्होल्ट.

नेहमीचं दुकान बंद, म्हणून पासोड्या विठोबाच्या देवळाच्या आसपास दुसरीकडे हे कंडेन्सर घेतले होते. “ओरिजिनल जपानी आहेत साहेब, दहाचं पाकीट घ्या, स्वस्तात पडेल.” बिल मागितलं तर म्हणाला, “एवढ्याशा मालाला कसलं बिल?” मीही हसलो.

शेवटी रेडिओच बाजूला काढला आणि सप्लायवर २२ ओहम, १० वॅटचा सिमेंट रेझिस्टर लावला. अर्धा अँपिअर ओढल्याबरोबर १२ व्होल्टचे ११ सुद्धा धड राहिनात. मग ब्रिजनंतर मीटर एसीवर ठेवून पाहिलं. (मध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर सिरीजमध्ये घ्या, काही स्वस्त मीटर एसीवरही डीसीच मोजतात.) जवळजवळ तीन व्होल्ट! करंटला १०० ने आणि मग कपॅसिटन्सने भागलं की रिपल, म्हणजे डीसीवर उरलेला चढउतार, निघतो. खऱ्या २२०० ला चढउतार अडीच व्होल्टचा, मीटर तो पूर्ण दाखवत नाही, त्यावर दिसायला हवा पाऊण. माझा ट्रान्सफॉर्मर १५ व्होल्टचा, ब्रिजनंतर वरचं टोक विसाच्या आसपास. ७८१२ ला १४ च्या वर लागतं, आणि इथे दर झोक्याला व्होल्टेज त्याखाली जात होतं. हळू आवाजात करंटच कमी, त्यामुळे सगळं साळसूद.

प्लग काढला, कंडेन्सर १ के (किलोओहम) रेझिस्टरमधून रिकामा केला, उतरवला. ९ व्होल्टची बॅटरी, सिरीजमध्ये १० के, कंडेन्सरवर मीटर. शून्यापासून ५.७ व्होल्टला, म्हणजे ६३ टक्क्यांना, पोचायला २२०० ला २२ सेकंद लागतात. मी मोठ्याने मोजत होतो. चार म्हणायच्या आत आकडा पार! आपलंच काही चुकलं असेल म्हणून जुन्या ॲम्प्लिफायरमधला २२०० लावला, त्याने एकवीस घेतले. इलेक्ट्रोलिटिकमध्ये २० टक्के इकडेतिकडे चालतं, पण इथे ८५ टक्के माल गायब.

डबा कापला. आत कागदाचा बोळा आणि मधोमध वेगळ्याच रंगाचा एक बारका कंडेन्सर: ३३० मायक्रोफॅरड, २५ व्होल्ट. आई म्हणाली, “अगंबाई, पिल्लू निघालं की रे आतून!”

दुकानात नेऊन दाखवला, तर “तुम्ही उलटा लावला असेल.” उलटा लावल्यावर कंडेन्सरला पिल्लू होतं हे मला ठाऊक नव्हतं. बिल नाही, पाकीट फोडलेलं, आणि दीडशे रुपयांसाठी किती भांडणार? खरा राग त्या पंधरा दिवसांचा.

पाकिटातले बाकीचेही मोजले, सगळे चार सेकंदांच्या आतले. अस्सल शेजारी धरला की हे हातालाही हलके लागतात, पण एकटाच हातात आला तर फसालच. पुढच्या शनिवारी नेहमीच्या दुकानात गेलो. मालकांनी न सांगता काउंटरवरच कपॅसिटन्स मोजणाऱ्या एलसीआर मीटरला नवा कंडेन्सर लावून दाखवला: २०८०. तिप्पट भाव, आणि बिल.

आता आवाज पूर्ण वाढवला तरी सप्लाय शांत आहे. शेजाऱ्यांच्या जिन्यातला एलईडी बल्ब लागला की खरखर येते, ती वेगळी कटकट.