निकॉन 35 एमएम एफ/1.8: थरची वाळू, घरचे छंद आणि काही महिन्यांचा वापर

वाळवंटात जायचं म्हटलं की जो तो वाइड लेन्स, म्हणजे खूप रुंद भाग चौकटीत घेणारी लेन्स, न्यायला सांगतो. मला ते पटत नाही, आणि का पटत नाही ते या लेन्सच्या निमित्ताने सांगतो. निकॉनची एएफ-एस डीएक्स 35 एमएम एफ/1.8 जी. ही लेन्स 2009 मध्ये बाजारात आली. वजन 200 ग्रॅम, फिल्टर 52 एमएमचा. माझी बॉडी, म्हणजे कॅमेरा, निकॉन डी5600. दिवाळीच्या तोंडावर लेन्स घेतली आणि आता गच्चीवर वाळवणं पडायला लागली आहेत. मधल्या काळात कॅमेऱ्यासोबत मिळालेल्या किट लेन्सला हात लावावा असं क्वचितच वाटलं. डीएक्स सेन्सर फुल-फ्रेमपेक्षा लहान असतो, त्यामुळे त्यावर ही फुल-फ्रेमवरच्या साधारण 52 एमएमसारखी दिसते. झूम नाही, त्यामुळे हवं ते चौकटीत येईपर्यंत आपणच पुढे-मागे व्हायचं.

वाइड लेन्सने वाळूची टेकडी टिपली की पायाजवळची वाळू अवाढव्य होते आणि मागची धार बोटभर उरते. 35 वर त्या धारेला तिची उंची परत मिळते. जैसलमेरपासून चाळीसेक किलोमीटरवरच्या सम या गावी उंट, जीप आणि तंबूंची गर्दी असते. चौकट अरुंद असल्यामुळे ती बाहेर ठेवता येते. मला खुरी जास्त आवडलं, तिथे वाळूवर टायरच्या खुणा कमी. जानेवारीत तिकडे सूर्य साडेसातच्या सुमारास उगवतो, आपल्या नाशिकपेक्षा उशिरा. नंतरचा तासभर खरा कामाचा. उन्हं तिरपी असतात, वाऱ्याने उठवलेल्या प्रत्येक लहरीची एक कड उजळते आणि दुसरी सावलीत जाते. टेकडीची वाऱ्याकडची बाजू सौम्य उताराची असते, तर आडोशाची बाजू साधारण 34 अंशांत कोसळते. या दोन बाजू भेटतात ती धार एफ/8 वर (एफचा आकडा मोठा तितकं लेन्सचं छिद्र, म्हणजे अपर्चर, लहान) ही लेन्स इतकी स्वच्छ टिपते की प्रिंट मोठी काढली तरी वाळूचा पोत टिकतो. दहा वाजले की सगळं सपाट होतं, कॅमेरा सरळ बॅगेत ठेवावा.

उजळ वाळूवर कॅमेऱ्याचं मीटर फसतं. समोरचं सगळं मध्यम करडं धरून ते फोटो काळपट करतं, म्हणून एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन +0.7 च्या आसपास ठेवावं. व्हाइट बॅलन्स डेलाइटवर पक्का करावा, नाहीतर ऑटो सकाळचा सोनेरी रंग धुऊन टाकतो.

तिथली खेजडी म्हणजे आपण दसऱ्याला पूजतो ती शमी. उघड्या माळावर एकटं उभं असलेलं ते झाड एफ/2.8 वर मागच्या वाळूपासून जे सुटं होतं, ते किट लेन्सच्या एफ/5.6 वर कधीच झालं नसतं.

लेन्स बदलावी लागत नाही, हा वाळवंटातला सगळ्यात मोठा फायदा. बॉडी उघडली की बारीक धूळ सेन्सरवर बसते आणि एफ/16 वरच्या निळ्या आभाळात काळे ठिपके उमटतात. या लेन्सच्या माउंटला रबराची कडी आहे. बाकी लेन्स मात्र सीलबंद नाही, तेव्हा वारा सुटला की कॅमेरा आत. सोबत मिळणारा हूड कायम लावावा, वर साधा यूव्ही फिल्टर. काचेवर वाळू दिसली तर आधी ब्लोअर मारायचा. कापड सर्वांत शेवटी, कारण कापडाखाली अडकलेला एकच कण काचेवर ओरखडा उठवायला पुरतो.

जैसलमेरच्या किल्ल्यात मात्र ही लेन्स अपुरी पडते. 1156 मध्ये वसवलेल्या त्या किल्ल्यात आजही लोक राहतात, गल्ल्या अरुंद आहेत आणि मागे सरकायला जागाच मोकळी नसते. हवेल्यांचे चौक चौकटीत मावत नाहीत. मी उभे फोटो ओळीने काढून नंतर जोडतो. दूरच्या दर्शनी भागासाठी ते छान जमतं, दोन हातांवरच्या झरोक्यासाठी नाही. आणि पक्ष्यांसाठी ही घेऊच नका. फलोदीजवळच्या खिचनला हिवाळ्यात कुरजा, म्हणजे आपले कांड्या करकोचे, हजारोंनी उतरतात. थव्याने आभाळ भरलेलं टिपता येतं, एका पक्ष्याचा डोळा नाही. नांदूरमधमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात जाणाऱ्यांनाही हेच सांगेन.

रात्री एफ/1.8 चं मोल कळतं. या चौकटीत मृग नक्षत्र आणि व्याध एकत्र मावतात, खाली टेकडीची काळी रेघही येते. ट्रायपॉड, आठ सेकंद, एफ/2.2, आयएसओ 3200. त्याहून जास्त वेळ शटर उघडं ठेवलं की तारे लांबुळके होतात. पूर्ण उघड्या अपर्चरवर कोपऱ्यातले तारे पसरतात, हा स्वस्त आणि वेगवान लेन्सचा स्वभावच असतो. फोकस हाताने, लाइव्ह व्ह्यूमध्ये व्याध मोठा करून.

घरी आल्यावर हाच तिरपा उजेड शोधायची सवय लागली. आईच्या कुरडया गच्चीवर पडतात, त्यांचा फोटो सकाळी आठच्या आत काढावा. वेटोळ्यांच्या सावल्या लांब असतात आणि जाळी उठून दिसते. अंगणातल्या रांगोळीचंही तेच, वरून काढायची तर डी5600 ची फिरणारी स्क्रीन फार सोयीची पडते.

बाबांचा तिकिटांचा संग्रह टिपणं मात्र वेगळंच काम. नाशिकरोडची इंडिया सिक्युरिटी प्रेस 1925 ची. तिथे छापलेली तिकिटं त्यांनी वर्षानुवर्षं जपली आहेत आणि त्यांचे नीट फोटो व्हावेत ही माझीच इच्छा. या लेन्सचं फोकसचं किमान अंतर 30 सेंटिमीटर, मोठेपणा 0.16 पट, म्हणजे सेन्सरवरची प्रतिमा वस्तूच्या 0.16 पट. म्हणजे सगळ्यात जवळूनही साधारण 15 सेंटिमीटर रुंद जागा चौकटीत येते आणि चार सेंटिमीटरचं तिकीट तिच्या पावभर भागातच राहतं. 10 एमएमची एक्स्टेन्शन ट्यूब, म्हणजे लेन्स आणि बॉडीच्या मधली पोकळ नळी, लावली की मोठेपणा 0.45 च्या आसपास जातो आणि तिकीट चौकट भरतं. ट्यूब लेन्स आणि कॅमेरा जोडणारे विजेचे संपर्कबिंदू असलेलीच घ्या. या लेन्सवर अपर्चरची कडी नाही, त्यामुळे साध्या स्वस्त ट्यूबवर अपर्चर पूर्ण मिटलेलं राहतं. खिडकीतून एका बाजूने उजेड घेतला की कडेचे दाते, कागदाचे तंतू, शिक्क्याची शाई, सगळं दिसतं. बाबा प्रत्येक फोटो भिंगाशी ताडून बघतात आणि एखादा दात अस्पष्ट असेल तर पुन्हा काढायला लावतात. त्यांचं बरोबर असतं.

कुंडीतल्या मेथीचा टाइम-लॅप्सही काढला. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ अशीच एकेक चौकट टिपून पडद्यावर आणली होती, तेव्हा नाशिककराने हे करून बघावंच. इथे एक गोष्ट सांभाळायची: लेन्स एफ/1.8 वर ठेवा. अपर्चरची पाती प्रत्येक फोटोला मिटली तर ती दर वेळी अगदी तेवढीच मिटत नाहीत आणि व्हिडिओ लुकलुकतो. एक्स्पोजर आणि फोकस मॅन्युअल.

ज्यांना एकाच लेन्सवर लग्नाची गर्दी, पक्षी आणि डोंगर सगळं हवं आहे, त्यांनी झूमच घ्यावी. निकॉनची मिररलेस झेड बॉडी असेल तर तिच्यावर जुन्या लेन्स बसवणाऱ्या एफटीझेड अडॅप्टरवर या लेन्सचा ऑटोफोकस चालतो. जुनी घेत असाल तर मागून टॉर्च मारून काचेत बुरशीचे तंतू आहेत का ते बघा. आपल्याकडचा पावसाळा बुरशीला फार मानवतो. मी लेन्स घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल घालून ठेवतो आणि जेलचा रंग बदलला की पुड्या बदलतो.