गँट चार्ट: आठ महिन्यांच्या वापरानंतर

जुन्या संगणक प्रणालीतील सगळी माहिती नव्या प्रणालीत हलवण्याचे काम आमच्या नऊ जणांच्या गटाकडे आले, तेव्हा त्याचे नियोजन आणि पाठपुरावा दोन्ही गँट चार्टवर, म्हणजे प्रत्येक काम तारखांसमोर आडव्या पट्टीने दाखवणाऱ्या तक्त्यावर, करायचे ठरले. हा चार्ट म्हणजे बैठकीत वरिष्ठांना दाखवायचे रंगीत चित्र, पहिल्या आठवड्यानंतर त्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही, अशी माझी समजूत होती. पहिले दोन महिने ती खरीही ठरली, पण त्यात दोष आमचाच होता.

आराखडा मंजूर झाला की मूळ तारखा बेसलाइन म्हणून जतन करून ठेवायच्या असतात. आम्ही ते केलेच नाही. एखादे काम लांबले की त्याची पट्टी माउसने ओढून पुढे सरकवायची, की चार्ट पुन्हा नीटनेटका. मूळ तारखेच्या आपण किती मागे आहोत, असे कोणी विचारले तेव्हा सांगता येईना, कारण प्रत्येक विलंबाबरोबर त्याचा पुरावाही पुसला गेला होता. तिसऱ्या महिन्यात जुन्या ईमेलमधून तारखा शोधून बेसलाइन नोंदवली. प्रत्येक पट्टीखाली करड्या रंगाची मूळ पट्टी उमटली आणि ११ दिवसांची पिछाडी सगळ्यांना एकदमच दिसली. त्या दिवशीची बैठक लांबली, हे सांगायला नकोच.

खरा फायदा मात्र डिपेंडन्सीचा, म्हणजे कोणते काम कोणत्या कामावर अवलंबून आहे हे बाणांनी दाखवण्याचा, झाला. अमेरिकी अभियंते हेन्री गँट यांनी १९१०च्या दशकात हे तक्ते रूढ केले, तेव्हा कामे एकमेकांना जोडणारे बाण त्यांत नव्हते. कामांच्या परस्परावलंबनाचा पद्धतशीर हिशेब १९५०च्या दशकाच्या अखेरीस क्रिटिकल पाथ पद्धतीबरोबर आला; क्रिटिकल पाथ म्हणजे ज्यातले एकही काम लांबले तर शेवटची तारीख लांबते, अशी कामांची साखळी. बाण न जोडता चार्ट वापरणारे आजही बरेच आहेत, आणि त्यांचा चार्ट म्हणजे फक्त आडवे केलेले कॅलेंडर असते. आमच्याकडे सर्व्हर चार दिवस उशिरा आला आणि गटात धावपळ उडाली. पण त्या साखळीला सहा दिवसांचा फ्लोट, म्हणजे शेवटची तारीख न हलता उशीर होऊ देण्याची मोकळीक, होता, त्यामुळे शेवटची तारीख जागची हलली नाही. याउलट, ग्राहक-नोंदींचे नमुने तपासून मंजूर करण्याचे किरकोळ वाटणारे काम दोनच दिवस रेंगाळले आणि अख्खा प्रकल्प दोन दिवसांनी पुढे गेला, कारण ते क्रिटिकल पाथवर होते. कोणत्या उशिराची काळजी करायची आणि कोणत्या उशिराची नाही, हे नुसत्या यादीवरून कळले नसते.

एक खोच मात्र फार उशिरा लक्षात आली. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये सुरुवातीची तारीख हाताने टाइप केली की ‘या तारखेच्या आधी सुरू करू नये’ अशी अट त्या कामाला गुपचूप चिकटते. आधीचे काम तीन दिवस लवकर संपले, तरी पुढची पट्टी जागची हलेना. ते तीन दिवस आम्ही फुकट घालवले. तेव्हापासून तारीख टाइप करायची नाही, फक्त कालावधी आणि बाण द्यायचे, असा नियम केला.

‘किती टक्के काम झाले’ या रकान्यावर माझा विश्वास उरलेला नाही. माहितीच्या तपासणीचे काम सलग तीन आठवडे ९० टक्क्यांवर होते. सांगणारा खोटे बोलत नव्हता. उरलेल्या दहा टक्क्यांतच सगळ्या किचकट नोंदी होत्या. आता आम्ही दर सोमवारी एवढेच विचारतो: आणखी किती दिवस लागतील? या प्रश्नाला उत्तर देताना माणूस क्षणभर थांबतो, आणि आलेला आकडा बराच प्रामाणिक असतो.

मनुष्यबळाच्या बाबतीत चार्ट तोकडा पडला. समांतर दिसणाऱ्या दोन पट्ट्या एकाच व्यक्तीच्या नावावर होत्या आणि हे चित्रावरून जाणवलेच नाही. सॉफ्टवेअरच्या आपोआप समतोल साधण्याच्या सोयीने शेवटची तारीख जवळजवळ तीन आठवडे पुढे ढकलली. शेवटी ती जुळवाजुळव आम्ही हातानेच केली. शिवाय १५० कामांचा चार्ट अद्ययावत ठेवायला आठवड्याचे तीन तास जातात, आणि ते एकाच माणसाकडे सोपवलेले बरे. दोघांनी हात घातला की कोणाचा तरी बाण तुटतोच.

नवी प्रणाली सुरू झाल्यानंतरच्या चुकांच्या दुरुस्तीसाठी मात्र आम्ही चार्ट बंद केला. उद्या कोणती चूक सापडेल हेच ठाऊक नसताना तिची पट्टी आखणार कशी? त्या कामाला ‘करायचे, चालू, झाले’ असा तीन रकान्यांचा फळा पुरला.