उताराचा प्लॉट: भराव घालावा की पायऱ्यांचं जोतं?

मैत्रिणीच्या प्लॉटला चांगलाच उतार आहे. भराव घालून सपाट करावा की उतारावरच पायरीपायरीने जोतं बांधावं, इथे तिचं अडलंय.

आधी घराची उंची, कारण नियमाने तिला मर्यादा असते. अनेक ठिकाणी ही उंची मूळ जमिनीपासून मोजतात, भरावापासून नाही. मर्यादा नऊ मीटर आणि भराव दीड मीटर असेल, तर घराला साडेसातच उरतात. म्हणून माती हलवण्याआधी मूळ पातळ्यांची मोजणी करून घ्याच. पायऱ्यांच्या जोत्यात छप्परही उताराबरोबर उतरतं, उंची वाया जात नाही.

खर्च दोन्हीकडे आहे: भरावाला माती अडवणारी राखणभिंत, पाण्याचा निचरा आणि घट्ट जमिनीपर्यंत नेलेला पाया, पायऱ्यांना किचकट बांधकाम.

घरात चाकाची खुर्ची असेल आणि एक मजला पुरत असेल, तर भराव. वर मजला हवा असेल, तर उतार राखा.